दगडी रिंगणातली चूल

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या आमच्या लुईस बेटावर मे महिन्यात गुरं माळावर जात आणि त्यांच्याबरोबर बायका-मुली. उन्हाळाभर खोपटीत राहायचं, दूध काढायचं, लोणी घुसळायचं. ऑयरिकने लहानपणापासून एकही उन्हाळा खाली काढला नव्हता. लग्न केलं नाही. पाठीवर टोपली आणि हातात विणकाम घेऊन ती डोंगर चढायची, आणि टाका सुटला की चढाला शिव्या घालायची. बाकीच्या घरांनी वर जाणं एकेक करून सोडलं. ती जात राहिली.

एका हिवाळ्यात तिच्या खोपटीची भिंत ढासळली आणि दारावरचा लांब दगड दुभंगला.

"गुरं निघायच्या आत खोपटी उभी राहिली तर जा," तिचा भाऊ टॉर्किल म्हणाला. "नाहीतर गाय खाली राहील आणि तूही."

"वन्सं, साठी उलटली की आता," भावजय पेगी हसली. "वर कोण नवरदेव वाट बघतोय?"

"असता तर तुझ्या भाकरीपेक्षा मऊच असता," असं म्हणून ऑयरिक निघाली. मी शेजारीण, सोबतीला गेले.

हवा तसा लांब दगड एकाच ठिकाणी होता, ओढ्याकाठच्या दगडी रिंगणात. माळावरच्या गवतात अर्धी बुडालेली ती वर्तुळं म्हणजे 'शांत मंडळींची', डोळ्यांना न दिसणाऱ्या माळावरच्या जुन्या लोकांची, घरं. तिथल्या दगडांना कुणी हात लावत नाही. लहानपणी आम्ही तिथे खेळलो, तेव्हा ऑयरिकनेच आमच्या पाठीत रपाटे घातले होते.

"अगं, तो नको," मी म्हटलं.

"मंडळी शांत आहेत ना? मग गप्प बसतील."

तिने पहार लावली. रिंगणाच्या मधोमध आडवा पडलेला तो दगड कलला. खाली राख होती, काळी, मऊ, ओलसर. भोवती भाजून लाल झालेले दगड नीट मांडलेले. चूल होती ती. राखेत खापराचा एक तुकडा होता आणि त्याच्या काठाला नखांची नक्षी. ऑयरिकने एका खाचेत आपलं नख ठेवलं. चपखल बसलं. शेजारच्या खाचेतही बसलं.

"बाईचा हात आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्यासारखाच लहान."

 मला तो रिकामा माळ भरून गेल्यासारखा वाटला. इथून कुणी गाईला हाक मारली असेल. ती भाषा आम्हाला कळली नसती, पण गाय वळली असेल.

मग ऑयरिकने तुकडा होता तिथे ठेवला आणि वर माती सारली. "लोकांच्या घरातला दगड न्यायचा नाही मला."

"आणि तुझी खोपटी?"

तिने सभोवार पाहिलं. रिंगणाची उत्तरेकडची बाजू अजून छातीइतकी उंच होती. "माझी भिंत पडली, हिची उभी आहे. अडल्यानडल्याला शेजारीण नाही म्हणत नाही."

त्या बाजूवर आम्ही तिच्या पडक्या खोपटीच्या छपराची लाकडं तिरकी टाकली, वर गवताळ मातीचे थर रचले; दारावर लांब दगड लागलाच नाही. गुरं निघायच्या आदल्या दिवशी टॉर्किल पाहायला आला.

"इथे राहणार? यांच्यात?"

"भांडखोर नाहीत बिचारे. आणि मी पेगीबरोबर हिवाळे काढलेत."

तो हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "गाय उद्या आणतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्याच्या घरात शिरताना आम्ही दारात म्हणतो, 'या घराचं भलं होवो.' स्वतःच्या घरात कुणी म्हणत नाही. त्या उन्हाळ्यात ऑयरिक दुधाचं भांडं घेऊन आली की दर वेळी ते म्हणायची, आणि आत पाऊल टाकण्याआधी जरा थांबायची. मी बरोबर असले की मीही थांबायचे.