शर्यतीपायी नाव बंद ठेवली तो दिवस

सेहेचाळीस साल असेल, दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि आमच्या गावात नदीत पोहण्याची शर्यत होती. गाव शेवगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावर... पलीकडचा काठ तेव्हा निजामाच्या मुलखात. मी अठरा वर्षांचा, शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेलो.

माझ्याकडे काम होतं नाव अडवायचं. पोहणारे पाण्यात उतरल्यापासून शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत नाव सुटू द्यायची नाही. हातात लाल फडकं घेऊन उतारावर उभं राहायचं, बास.

हे काम मी मागून घेतलं होतं. आदल्या वर्षी ऐन शर्यतीत नाव मधून गेली आणि माझ्या थोरल्या भावाच्या खांद्यावर वल्हं बसलं. हाड नीट जुळलं नाही... दादाचा उजवा हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही.

शर्यत आठला होती. तालुक्याचे पाहुणे आले साडेदहाला. ते कधीही येतील म्हणून मधल्या वेळात नाव सोडायचीही परवानगी नव्हती, त्यामुळे उतारावर माणसं, शेळ्या, गाठोडी यांची गर्दी वाढतच गेली.

जो तो मलाच विचारायचा, नाव कधी सुटणार. पहिल्यांदा मी नीट सांगत होतो, मग तोडून बोलायला लागलो, शेवटी बोलायचंच सोडलं. ऊन चढलं होतं, पहाटेपासून उभा होतो, पाय भरून आले होते.

एकदाचे बावीस जण पाण्यात उतरले. पलीकडच्या काठाशी रोवलेल्या बांबूला हात लावून परत यायचं होतं. ते बांबूजवळ पोचत आले आणि तेवढ्यात गयामावशी आली... आमच्या पंचक्रोशीची सुईण.

तिच्यामागं पलीकडच्या गावचा एक माणूस होता. त्याची बायको आदल्या संध्याकाळपासून अडली होती. तो पहाटेच्या पहिल्या नावेनं आला, पण मावशी दोन कोसांवरच्या वस्तीवर गेलेली, तिला शोधून आणेपर्यंत ही वेळ झाली. तो पाण्याशी उकिडवा बसून नुसता पलीकडे बघत होता.

मी मावशीला म्हटलं, अर्धा तास थांबा. दादाच्या खांद्याचंही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पान्यात हायेत त्यातली निम्मी म्याच आनलीत जगात," ती म्हणाली. "तुलाबी. आता हिच्यासाठी जाऊ दे मला."

नावाडी भिवाबा माझ्याकडे बघत होता. "मास्तर, तुमी म्हनाल तसं."

खरं सांगतो, तेव्हा वाटलं, दुसऱ्या कोणीतरी ठरवावं. पाहुणे आणि हेडमास्तर लांब मांडवात बसलेले. विचारायला जाऊन यायचं तर तेवढा वेळ नव्हता... मावशी आणि तो माणूस नावेत चढले, मी नाव ढकलली आणि फडकं घेऊन पुढच्या टोकाला उभा राहिलो. भिवाबाला सांगितलं, पोरं जवळ आली की वल्ही वर.

पोहणारे आता परत फिरले होते, सरळ आमच्यावरच येत होते. दमलेला माणूस मान वर करत नाही. मी ओरडत होतो, पण सकाळपासून बोलून बोलून आवाज बसला होता.

भिवाबानं वल्ही उचलली. नाव धारेला लागली, आडवी झाली आणि मागच्या पोरांच्या अंगावर सरकायला लागली. पुन्हा तेच होणार, आणि या वेळी माझ्या हातून.

सगळ्यांत पुढं रघू होता, तालमीतला पैलवान. त्यानं मान वर केली आणि त्याला नावेत मावशी दिसली. तो बाजूनं सहज निघून गेला असता, पुढं पाणी मोकळं होतं, शर्यत त्याचीच होती.

तो थांबला. मागं वळून त्यानं बाकीच्यांना हाक दिली आणि नावेच्या काठाला हात लावला. मग एकेक जण येत गेला... त्यांनी पाय मारत मारत नाव सरळ केली आणि ढकलत पलीकडे नेली. जो काठ नुकताच सोडून आले होते, त्याच काठाला. तिथून पुढं एकही वल्हं पाण्याला लागलं नाही.

मावशीनं गुडघाभर पाण्यात उडी टाकली आणि त्या माणसाबरोबर निघून गेली. पोरं चिखलात पडून होती, एक जण ओकत होता.

थोड्या वेळानं रघूनं विचारलं, "मास्तर, आता पवत जायाचं का नावंनं?"

नावेनंच गेलो, दोन खेपांत. पाहुणे नाराज होऊन निघून गेले होते. बक्षिसाची तांब्याची घागर कोणालाच मिळाली नाही. हेडमास्तर सगळ्यांदेखत मला बोलले, मी खाली मान घालून ऐकलं.

घरी दादानं एवढंच विचारलं, "वल्ही वर घेतली हुती का?" मी व्हय म्हटलं. तो मान हलवून कुशीवर वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नावेतून उतरली. मुलगी झाली होती. बाई फार दमली होती, पण दोघी वाचल्या. एवढं सांगून मावशी तिथंच दगडावर बसली, पाय पाण्यात सोडून. मीही बसलो.

ते गाव पुढं जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. त्या बावीस जणांपैकी आता कोणी असेल असं वाटत नाही, निम्म्यांची तर नावंही आठवत नाहीत. हे मी सांगतोय आणि नातसून टाईप करतेय.

या वयात खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी मन मागं ओढतं. तेव्हा कळतं, दमलेल्या माणसाला आलेल्या वाटेनं पुन्हा माघारी जायला काय लागतं ते... ती पोरं त्या दिवशी माघारी गेली. त्यांचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले होते.