वादीचा फुटबॉल

विंडसरला पोहोचलो आणि पहिल्याच दिवशी माझा भूगोल चुकला. नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट दिसतं, तेही उत्तरेला. नकाशात कॅनडा वर आणि अमेरिका खाली असं जन्मभर शिकवलेला मी मास्तर. लेकीनं, स्नेहानं, समजावलं तरी पटेना. ती आणि जावई कामावर गेले की कोल्हापूरचा हा पेन्शनर गल्ल्या पालथ्या घालायला मोकळा.

शनिवारी शेजारच्या डोरिसबाईंच्या दारात गराज सेल (नको झालेलं सामान अंगणात मांडून विकणं) होता. सत्तरीच्या बाई घर विकून वृद्धाश्रमात निघाल्या होत्या.

"बाबा, बघून या, पण काही आणू नका हं," स्नेहा म्हणाली. "बेसमेंट ऑलरेडी फुल आहे."

कपबश्यांच्या शेजारी चामड्याचा जुना फुटबॉल होता, तोंडाशी वादी, म्हणजे चामड्याची नाडी, ओवलेला. उचलला तो खाली ठेववेना. आमच्या पेठेच्या तालमीच्या संघाकडून मी असल्याच चेंडूनं खेळलो. पावसात भिजला की त्याचा धोंडा व्हायचा, आणि वादी कपाळावर बसली की डोळ्यांपुढे काजवे.

"माझ्या वडिलांचा," डोरिसबाई म्हणाल्या. चहा आणि बटर टार्ट (लोणी-साखरेचं सारण भरलेली खुसखुशीत वाटी) पुढे करून सांगू लागल्या. दोन महायुद्धांच्या मधे ते इंग्लंडात पगारी खेळाडू होते, मैदानाच्या उजव्या बगलेवर. पगार बेताचा, म्हणून उन्हाळ्यात वीटभट्टीवर काम. सामन्यालाही प्रेक्षकांबरोबर ट्राममधून जायचे. चेंडू हे पोचवायचे, गोल मधला गडी मारायचा आणि पेपरात नाव त्याचं. पुढे गुडघा गेला, पाठोपाठ युद्ध आलं. मग कुटुंब घेऊन इथल्या मोटार कारखान्यात.

"शेवटी मलाही ओळखत नव्हते. हा बॉल घेऊन फिरवत बसायचे. फिरवायचे आणि माझ्यापुढे धरायचे. बघवेना, म्हणून मी तो कपाटात टाकला. आजही तो दिसला की तेच आठवतं."

"पुढे धरताना वादी कुठं असायची?" मी विचारलं.

त्यांनी थोडं आठवून पाहिलं. "त्यांच्या पोटाकडे. नेहमीच."

"आमच्याकडे बगलेवरचा चांगला गडी मैदानाच्या कोपऱ्यातून कॉर्नर मारण्याआधी वादी अशीच स्वतःकडे फिरवून ठेवायचा," मी म्हणालो. "हवेत चेंडू उलटायचा तो उलटायचाच. पण डोक्यानं मारणाऱ्याच्या कपाळाला वादी लागू नये, एवढी काळजी आधी घ्यायची. ते तुम्हाला पास देत होते."

बाईंनी चेंडूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि मी हातातून काढून घेतला."

माझा जीव कळवळला. मी चेंडू हातात घेतला. वादी माझ्याकडे फिरवली आणि चेंडू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाकून त्याला कपाळ टेकवलं आणि तशाच राहिल्या. इतक्यात एका गिऱ्हाइकानं त्याची किंमत विचारली.

"हा विकायचा नाही," त्या म्हणाल्या आणि चेंडू घरात ठेवून आल्या.

कोल्हापूरला परत आल्यावर पेठेचा सामना बघायला गेलो. हल्लीच्या चेंडूला वादी नसते. तरी कॉर्नरला गडी चेंडू दोन्ही हातांत फिरवून मगच ठेवतो. का, ते त्याला सांगता येणार नाही. मला मात्र ते बघताना डोरिसबाई आठवतात, आणि इतक्या वर्षांनी पोचलेला तो पास.