धुऱ्याची रुंदी

धानाच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला, की करडी गावातल्या आमच्या बांधीवरील, म्हणजे भातखाचरावरील, ती सकाळ आजही आठवते. शेजारच्या दाजीबांनी सामाईक धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, फूटभर कोरला, असा माझा आरोप होता. संतापाने मी त्यांना कायद्याची कलमे सुनावत होतो. इंग्रजीत फूट म्हणजे पाऊल, हेही मी बजावले.

"मंग कोनाच्या पायानं मोजतं गा? तुह्या बापाच्या का माह्या?" दाजीबांनी विचारले.

"तुह्या पायानं मोजलं त आमची बांधीच उरत नाही!" बाबा हसत म्हणाले.

आमच्याकडची रीत अशी, की धुरा इतका रुंद असावा, की दोन्ही मालक समोरासमोर आले तरी कोणालाही चिखलात उतरावे लागू नये. म्हणून रुंदी पारखायला बाबा आणि दाजीबा त्यावर शेजारी शेजारी उभे राहिले. दाजीबा घसरून थेट आमच्या चिखलात बसले! हसत हसतच त्यांनी फावडे उचलले आणि माती परत चढवली.

"पण माझी तक्रार?" मी गरजलो.

"तक्रार रायू दे, माती दाब," बाबा म्हणाले.

या न्यायाला कोणत्याही अधिनियमात आधार नाही. तरीही काल त्याच धुऱ्यावर दाजीबांची सून समोरून आली, आणि आम्ही दोघेही कोरड्या पायांनी पुढे गेलो.