सात नंबरच्या खोलीतला पाहुणा

सोलापुरातल्या जुन्या धर्मशाळेच्या सात नंबर खोलीत भूत नव्हतं. मी तिथला मॅनेजर. दुपारी झोपायला खोली मोकळी राहावी म्हणून ती अफवा मीच उठवली होती. झाडलोट करणारी मावशी मात्र तिथे रोज तांब्याभर पाणी ठेवायची. ते मीच प्यायचो.

"मावशी, भीती नाही वाटत?"

"भूत झालं तरी धर्मशाळंत आलंय, म्हंजी पावनंच की. त्याला पानी नको व्हय?"

रोज त्या खोलीत जाते म्हणून उतारू तिलाच झपाटलेली म्हणू लागले. विश्वस्तांनी तिला कामावरून काढलं. तिच्या हिशेबाचे पैसे मीच मोजून दिले. जाताना पदराला हात पुसत ती म्हणाली, "सायेब, त्याचं पानी तेवढं चुकवू नगा."

नोकरी तिची गेली होती आणि तिला काळजी माझ्या तहानेची होती.