मामा म्हणायचं

आमच्या घरात उंदराला उंदीर म्हणायची सोय नव्हती. म्हणायचं ‘मामा’. नाव घेतलं की तो ऐकतो आणि पेटीतली साडी कुरतडून सूड घेतो, अशी आईची खात्री. त्यात तो गणपतीचं वाहन, म्हणून चवथीच्या दिवसांत हा नियम आणखी कडक. आईचा सख्खा भाऊ नेवऱ्या खायला आला की वडील हळूच विचारायचे, यातला कुठला मामा? आई त्यांच्याकडे न बघता हसायची.

शाळेत मात्र उंदीर मोकाट होता. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ असं गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, तेव्हा खिडकीबाहेर डिचोलीचा डोंगर खाणीसाठी खरोखरच पोखरला जात होता. उंदीर कसला निघतोय, ट्रक भरभरून लाल माती निघत होती. तिथले उंदीर उठून खाली सर्वण गावात आपल्या भातात आले, असं वडील म्हणायचे.

मी वास्कोला नोकरीला लागले, त्या वर्षीची गोष्ट. चवथीच्या तोंडावर वडील शेताच्या पाण्यातलं तण काढून आले आणि तापाने आडवे झाले. पोटऱ्या अशा दुखत की पाय टेकवेना. डोळे लाल. आई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नीट विचारलं होतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं. घरात, शेतात उंदीर आहेत का? गणपती दोन दिवसांवर आलेला, मूर्तीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं घरात येऊन पडलेली. आई म्हणाली, “नाय हो दोतोर. आमच्यात तसला काय एक नाय.”

साध्या तापाच्या गोळ्या मिळाल्या. डोळे पिवळे झाल्यावर कुणीतरी काविळीचा पाला दिला. मी पोचले तोवर लघवी बंद झाली होती. पणजीच्या इस्पितळात सांगितलं, हा उंदराचा ताप. उंदीर मुततात त्या पाण्यातून, पायाच्या चिरांतून आत शिरतो. लवकर कळला तर साध्या औषधाने जातो. आई खाटेचा दांडा धरून ऐकत होती. वडील गेले.

मला आईचा राग आला, खोटं कशाला सांगू. आणि साडी वाचवून माणूस घालवणाऱ्या त्या शहाणपणाचा तर आजही येतो.

पुढे मी आईला वास्कोला आणलं. ऑफिसात संगणक आले. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, माऊसवर हात ठेवा. आम्ही सगळ्या हसलो. घरी येऊन आईला सांगितलं, त्या डबीला इंग्रजीत उंदीरच म्हणतात. ती हसली नाही. “आणि तुमी सगळी तेचा नाव घेतास?” मी हो म्हटलं.

काही दिवसांनी माळ्यावर खुडबुड झाली. आई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, वर बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, “उंदीर.”

मग वडिलांच्या फोटोकडे वळली आणि आत्ताच कुणी विचारल्यासारखी सांगू लागली, “आसत हो दोतोर. घरात आसत, शेतात आसत.”