वैशाखऱ्याच्या वळणावर थांबलेला रस्ता

शेत बघायला सहल जाणार, असं विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं. किन्हवलीच्या आसपासच्या गावांतून आणि पाड्यांवरून येणारी आम्ही मुलं. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, आमी रोज शेतातूनच शाळेत येतो. तिथं काय बघायचंय?"

बाई डोंबिवलीहून यायच्या. त्याही हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्ही मला दाखवा."

मला मात्र हसू आलं नाही. आमचं स्वतःचं शेत नव्हतं. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. तिथून आई लोकांच्या शेतावर लावणीला, कापणीला जायची आणि सुट्टीत तिच्याबरोबर मीही. शेत म्हणजे वाकलेली पाठ आणि बांधावरून येणारी मालकाची हाक, एवढंच मला माहीत. तिथं कुणी पाहुणी म्हणून जाऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ही नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सहलीला वैशाखऱ्याच्या अलीकडे उतरून थोडं रस्त्याने चालावं लागणार होतं, आणि माळशेजच्या त्या रस्त्यावर गाड्या फार वाढल्या होत्या. म्हणून हेडसरांनी आधी मुरबाडहून एका वाहतूक हवालदारांना बोलावलं. नववी-दहावीची सगळी मुलं पत्र्याच्या मोठ्या वर्गात दाटीवाटीने बसली. आम्हाला वाटलं, लाल दिवा-हिरवा दिवा सांगतील आणि जातील. आमच्या अख्ख्या तालुक्यात तेव्हा सिग्नल नव्हता.

हवालदार उंच, वाळके, मिशा पिकलेल्या. त्यांनी दिव्यांचं नावही काढलं नाही. विचारलं, "वाटेत अपघात दिसला तर पहिलं काय कराल?"

"पाणी देऊ," कुणी म्हणालं. "डॉक्टरला आणू," दुसरं कुणी.

"त्याच्याआधी रस्ता थांबवायचा," ते म्हणाले. "पडलेला मानूस पडूनबी वाचतो आनि मागून येनाऱ्या गाडीनं मरतो. मी लय बघितलंय."

मग त्यांनी फळ्यावर एक वळण काढलं. वळणात उभं राहायचं नाही, वळणाच्या पलीकडे, गाडीवाल्याला लांबून दिसेल तिथं राहायचं. कडेला, उडी मारायला जागा ठेवून. झाडाच्या फांद्या टाकायच्या, दगड नाही. दगड मागे विसरतात आणि दुसऱ्याच कुणाचा तरी जीव घेतात. त्यानंतर एकेकाला पुढे बोलावून त्यांनी गाडी थांबवायचा हात करायला लावला. मोठी मजा चालली होती. माझी पाळी आली तेव्हा मी हात वर केला आणि ते माझ्याकडे बघतच राहिले.

"हा हात थांब म्हनत नाय गो," ते म्हणाले. "हा माफ करा म्हनतोय. कोपर ताठ कर. बोटं मिट. आनि खाली नको बघू, डायवरच्या डोळ्यात बघ."

सगळे हसले. मी तीनदा हात केला, मग त्यांनी मान हलवली.

सहलीच्या दिवशी आम्ही एसटीने सरळगाव, तिथून दुसरी गाडी धरून पुढे गेलो. संक्रांत होऊन गेली होती. भाताची खाचरं मोकळी पडलेली, आणि समोर सह्याद्रीची ती सरळ उभी भिंत. आमच्या गावातून डोंगर निळसर, लांबवर दिसतो. इथं तो जवळ येऊन ठाकला होता. मान वर करावी आणि करतच राहावी. डोंबिवलीच्या बाईसुद्धा चालता चालता थांबून बघत होत्या.

शेत एका जोडप्याचं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर दोघं गावी परतली होती आणि भात निघाला की ठिबकवर कारली, काकडी करायची. घरमालकिणीने ओटीवर सतरंजी घातली. तांब्या प्रत्येकाच्या हातात फिरला, माझ्याही. ती मला म्हणाली, "बस ना, उभी का?" मी बसले. कुणाच्या ओटीवर अशी बसलेली मी पहिल्यांदाच.

मांडवाखाली कारल्याची पिवळी फुलं उमललेली आणि बांधावर लाकडी पेट्या. तिने आम्हाला जवळ नेलं. "कान लावा," म्हणाली. मी गुडघ्यावर बसून पेटीला कान लावला. आतून जो आवाज आला तो कानाला ऐकू आला की गालाला, मला सांगता येणार नाही. लाकूड कोमट होतं, आणि ते आतून थरथरत होतं. मग तिने झाकण काढून एक चौकट उचलली. हजारो मधमाश्या एकमेकींच्या अंगावरून चालत होत्या, एकीलाही धक्का न लावता. तिने उघडा पंजा त्यांच्यावर हलकेच टेकवला. माश्या बोटांवर चढल्या, उतरल्या, कामाला लागल्या.

"चावत नाय?" तो मागच्या बाकावरचा मुलगा कुजबुजला.

"घाबरवलं तर चावतात. यांनी फुलं शिवली नाहीत तर माझा मांडव रिकामा. मी यांच्या जिवावर आहे."

रोज शेतातून येणारी आम्ही मुलं तिथं तोंडं उघडी टाकून उभी होतो. बाई काही शिकवायला गेल्याच नाहीत.

जेवणं उरकून आम्ही परतीच्या एसटीसाठी रस्त्याकडे निघालो. बांध ओलांडतो तोच वरून मोठा आवाज झाला. आधी धडाड, मग काहीतरी लांबवर घासत गेल्यासारखा. धावत जाऊन बघतो तर वळणाच्या खालच्या अंगाला पेंढ्याने भरलेला टेम्पो आडवा झालेला. रस्ताभर पेंढा, आणि त्याच्या खालून माणसाचं कण्हणं. शेतवाला नवरा आमच्या मागून पहार घेऊन पळत आला. मोठी मुलं पेंढा उपसायला धावली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीसारखा होता. "सगळे एकाच ठिकाणी नकोत. हवालदारांनी काय सांगितलं? तुम्ही चौघं खाली जा. तुम्ही दोघी वर, वळणाच्या पलीकडे. पळा!"

त्या दोघींतली एक मी होते. दुसरी डोळखांबच्या बाजूची, पाड्यावरची, माझ्या बाकावरची मैत्रीण. तिने पळता पळता निरगुडीच्या फांद्या मोडल्या आणि वळणाच्या तोंडाशी टाकत गेली. मी आणखी वर गेले, जिथून रस्ता घाटाकडे सरळ दिसत होता तिथवर. दप्तर टाकलं आणि एक पाय डांबरावर, एक मातीत ठेवून उभी राहिले.

ट्रक आधी ऐकू आला, मग दिसला. नगरकडून कांदे भरून उतरत होता. पुढची काच उन्हाने चकाकत होती, त्यामुळे ड्रायव्हरचे डोळे मला दिसतच नव्हते. मी जिथं ते असतील तिथं बघितलं आणि हात वर केला. हॉर्न वाजला. लहानपणापासून माझं अंग हॉर्न ऐकला की आपोआप कडेला सरायचं; रस्ताच काय, पाणवठ्यावरसुद्धा कुणी आलं की आम्ही सरायचो. त्या वेळी मी सरले नाही. कशी नाही सरले ते मला आजही माहीत नाही. हवा सुटल्याचा फुस्स आवाज झाला, रबर जळल्याचा वास आला आणि तो डोंगराएवढा ट्रक हळूहळू मंदावत माझ्यासमोर उभा राहिला. बंपरवर बांधलेलं लिंबू-मिरची अजून डोलत होतं.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं गं पोरी?"

"पुढं टेम्पो पलटी झालाय. मानूस आत अडाकलाय."

तो शिवी द्यायच्या बेतात असावा. ती त्याने गिळली. सीटखालचा जॅक ओढून काढला, खाली उडी मारली आणि पळता पळता मला ओरडून सांगितलं, "हितं नको थांबू! माझ्या गाडीच्या मागं जा, वर! दुसरी येईल!"

मी ट्रकच्या मागे गेले. जीप आली. हात केला, थांबली. जीपच्या मागे गेले. एसटी आली, थांबली. कंडक्टर उतरून खाली धावला. पांढऱ्या गाडीतल्या एका माणसाने हॉर्नवरचा हात काढलाच नाही, पण गाडी त्यानेही थांबवली. मी चढत राहिले आणि माझ्या मागे रांग वाढत राहिली. एकदा वळून पाहिलं. खाली वळणापर्यंत गाड्याच गाड्या, कांद्यांच्या, भाजीच्या, माणसांच्या, आणि माझ्या पाठीशी ती कड्याची भिंत. मुंबईकडे निघालेलं ते सगळं माझ्या हाताने थांबलंय, हे मला कळत होतं आणि खरं वाटत नव्हतं. मला रडू आलं, पण भीतीने नाही.

मैत्रीण धापा टाकत वर आली तेव्हा टेम्पोचा ड्रायव्हर बाहेर निघाला होता. पायाचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर होता. जीपमधल्या लोकांनी उतरून जागा केली आणि त्याला मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. पेंढा बाजूला झाला, फांद्या आम्ही आठवणीने उचलल्या. गाड्या सुटल्या तेव्हा कांद्याच्या ट्रकवाल्याने जाताना मला बघून कपाळाला हात लावला. त्याचे डोळे मला तेव्हा दिसले. लाल, झोपेचे.

घरी सांगितलं तेव्हा आई बराच वेळ भाकरी थापायचीच थांबली. "एसटीबी थांबली?" तिने विचारलं. थांबली, म्हटलं. "पांढरी गाडीबी?" तीही. तिने शेजारच्या काकूला हाक मारली आणि मला पहिल्यापासून परत सांगायला लावलं.

हवालदार पुढच्या आठवड्यात शाळेत आले. वरच्या बाजूला कोण होतं, विचारलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी कुठे उभी होते ते त्यांनी फळ्यावर काढून घेतलं, खडू घेऊन जरा वर फुली मारली आणि म्हणाले, "हितं पायजे होतीस. उतार हाय तिथं." मग खडू खाली ठेवून त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली. "बसा," म्हणाले.

होळीच्या सुमारास टेम्पोवाला आला. कुबड्या घेऊन, बरोबर बायको आणि कडेवर लहान मुलगी. शेतावरच्या मालकिणीकडून शाळेचा पत्ता काढला होता त्याने. आमच्या वर्गात त्याला खुर्ची दिली. त्याला आम्हा कुणाचाच चेहरा ठाऊक नव्हता; त्या दिवशी त्याने फक्त पेंढा बघितला होता.

"मला कायच दिसत नव्हतं," तो म्हणाला. "वरून गाडीचा आवाज येत व्हता. मोठ्ठी गाडी. म्हटलं, आता ही अंगावरून जानार. मग तो आवाज बंद झाला. मग खालचा पन बंद झाला. रस्त्यावरचं सगळंच आवाज एकेक करून बंद झालं. पाखरं वरडायला लागली. मला वाटलं, मेलो आपन."

वर असताना ती शांतता मला कळलीच नव्हती. माझं काळीजच एवढ्या जोरात वाजत होतं. माळशेजचा रस्ता भर दुपारी पाखरं ऐकू येण्याइतका गप्प झाला होता, हे मला त्या माणसाकडून कळलं.

त्याच्या बायकोने पिशवीतून कुरमुऱ्याचे लाडू काढले आणि बाकाबाकावर जाऊन प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवला. बाईंनाही दिला. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी आम्ही जागेवरच बसून लाडू खात होतो. त्याची मुलगी बाकांमधून फिरत होती, आणि ज्याच्या त्याच्या लाडवातला घास मागत होती.