दोघींनी मिळून नापास व्हायचं ठरलं होतं

आमच्या हडपसरच्या सोसायटीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हेही मला ठाऊक असतं. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या श्रद्धाची हकीकत माझ्याकडूनच ऐका, इतर बायका मीठमसाला लावतात.

श्रद्धाचे वडील वैजनाथराव मूळचे परभणीकडचे, कारखान्यात शिफ्टला. विद्यापीठात जाणारी घरातली ही पहिलीच. प्रवेश झाला त्या दिवशी पोरीने भिंतीवर चार रंगांत वेळापत्रक चिकटवलं. बस कुठली, दाखले कुठले, सक्तीचे विषय कुठले. दुपारी तीन ते पाचच्या चौकटीत मात्र एकच शब्द, जपानी. दहावीपासूनचं वेड. मोबाईलवर बघून अक्षरंसुद्धा गिरवून झाली होती.

आता गंमत बघा. वर्ग सुरू होण्याआधी इंग्रजीची चाचणी. तीत कमी पडलात तर बेसिक इंग्रजीचा वर्ग सक्तीचा, आणि तो नेमका तीन ते पाच. जपानीला प्रवेश फक्त पहिल्या वर्षी. श्रद्धाचं इंग्रजी चांगलं, त्यामुळे तिला काळजी नव्हती. काळजी होती ती दुसऱ्या मजल्यावरच्या निशाला. पहिलीपासून दोघी एका बाकावर. निशा जिन्यात बसून रडत होती, आणि मी निव्वळ योगायोगाने पायपुसणं झटकायला दारात आले होते.

"तू सुटशील गं. मी एकटीच सडणार बेसिकमध्ये."

"रडू नको. मी पण अर्धा पेपर कोरा ठेवते. बसू दोघी."

"आणि तुझं जपानी?"

"जाऊ दे."

"शप्पथ?"

"शप्पथ."

पायपुसणं तोवर चांगलंच स्वच्छ झालं होतं.

त्याच आठवड्यात नारायण पेठेत निशा मला एका इमारतीचा जिना उतरताना दिसली. मला बघून पांढरीफटक. "काकू, श्रद्धाला सांगू नका ना, प्लीज." मला वाटलं, पोरीचं कुणाशी तरी जमलंय. जन्मात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं, तेही नको तिथे. वर त्या चाचणीच्या तयारीचा क्लास चालायचा, हे मला फार उशिरा कळलं.

निकाल लागला. श्रद्धा बेसिकमध्ये. निशाला सूट. आणि रिकाम्या झालेल्या तीन ते पाचला निशाबाईंनी काय घ्यावं? जपानी!

श्रद्धा फेरपरीक्षा मागायला गेली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "येत असूनही कोरा सोडलात? वा. आता वर्गात बसून भरा."

घरी येऊन ती निशाच्या दारात उभी राहिली. निशा म्हणाली, "पप्पांनी क्लास लावला, सांगू नको म्हणाले. आणि तू खरंच कोरा ठेवशील असं वाटलं नव्हतं मला."

श्रद्धा भांडली नाही. भांडली असती तर मलाही बरं वाटलं असतं. बसथांब्यावर मात्र ती आता एकटी जाते.

परवा निशा वही घेऊन वर आली. "श्रद्धे, ही अक्षरं डोक्यात शिरत नाहीत गं. तुला तर सगळी येतात. शिकव ना."

श्रद्धाने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला कुठली येतायत? मी बेसिकची मुलगी," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

निशाने वळून समोरच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? मला सांगू नका म्हणाली होतीस, मी नाही सांगितलं."